गव्हाणीत ओतलेली कणीक

तुमच्या चुकीची माफी दुसरं माणूस मागत असताना तुम्ही कधी त्याच्या शेजारी गप्प उभे राहिला आहात का?

मी राहिले आहे. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, एका कुंपणाच्या दारापाशी, पाठीला बॅग लावून, विमान चुकेल अशा काळजीचा चेहरा करून. जुलैतल्या त्या सहलीचं वर्णन इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी द्या, असं मला सांगितलं गेलं तेव्हा मी समुद्र, दीपगृह, किल्ला असं नीटनेटकं लिहून ठेवलं होतं. ते फाडून टाकलं. तुमच्यासमोर आहे ते दुसरं.

मी मूळची सांगलीची. आमच्या घरी गोष्टीच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. बाबा धरणग्रस्तांच्या चळवळीत होते आणि पत्रकांच्या घड्या घालणं हा माझा सुट्टीतला उद्योग होता. विस्थापितांच्या जमिनीबद्दल, नवस-मुहूर्तांबद्दल, गोदामात सडणाऱ्या धान्याबद्दल. ‘ताटात टाकलेला घास कुणाच्या तरी तोंडचा असतो’ हे बाबांच्या एका पत्रकातलं वाक्य मला पाढ्यांआधी पाठ झालं. नववीत मी स्वतःचं पत्रक लिहिलं, शाळेतल्या सत्यनारायणाविरुद्ध, आणि ते हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवून आले. आता मिशिगनमध्ये नोव्हायला राहते, गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर तपासते. व्हिसावर आहे. हे पुढे लागणार आहे म्हणून सांगून ठेवते.

नोव्हायला आल्यावर पहिलं वर्ष मी रेखाकाकू आणि दिलीपकाकांच्या बेसमेंटमध्ये राहिले. दोघं नागपूरची, नोव्हायमध्ये मुरलेली. मुलगी ईशा इथेच जन्मली, मराठी सगळं समजतं, बोलते इंग्लिशमधून. काकू रोज पहिल्या पोळीतली अर्धी गाईसाठी बाजूला काढत. आमच्या सबडिव्हिजनमध्ये, म्हणजे घरांच्या वसाहतीत, गाय कुठली? मग ती अर्धी पोळी त्या मागच्या डेकच्या कठड्यावर ठेवत. खारी येत. एकदा कॅनडा गीज या रानहंसांचा थवाच आला आणि शेजाऱ्यांनी तक्रार केली. तेव्हापासून पोळी खिडकीशी वाटीत राहू लागली आणि दुसऱ्या दिवशी काकूच ती चहाबरोबर खात.

मी त्यांना यावरून किती बोलले असेन.

“काकू, गाय नाही, गोठा नाही. मग घास कुणासाठी?”

“ज्याला भूक असेल त्याच्यासाठी.”

“मग फूड बँकेत द्या ना.”

“तिथे पण देते गं. पावती दाखवू?”

अरुंद रस्ता

ईशाला आर्डनामर्खनला जायचं होतं. ब्रिटनच्या मुख्य भूमीचा हा पश्चिमेकडचा टोकाचा तुकडा, समुद्रात हाताचं बोट घातल्यासारखा. ग्लासगोहून उत्तरेला जायचं, एका छोट्या फेरीबोटीत गाडी चढवून पाच मिनिटांत पलीकडे उतरायचं आणि मग एकेरी रस्ता. एकेरी म्हणजे गाडी एका वेळी एकच जाईल इतकाच रुंद. थोड्या थोड्या अंतरावर रस्त्याला फुगवटा असतो. समोरून कुणी आलं की ज्याला फुगवटा जवळ त्याने थांबायचं आणि जाणाऱ्याने हात दाखवायचा. काकांनी पहिल्या तासात दोनदा उजवीकडे गाडी घातली, तीनदा रिव्हर्स घेतला आणि मग हात दाखवण्याची त्यांना इतकी गोडी लागली की ते मेंढ्यांनाही हात दाखवायला लागले.

“आपल्या हायवेवर इतक्या वर्षांत एकाने हात दाखवला नाही मला,” काका म्हणाले.

“दाखवतात, पण वेगळा,” ईशा इंग्लिशमधून म्हणाली. काकूंनी तो कसला, असं विचारलं आणि ईशाने खिडकीबाहेरच्या मेंढ्या मोजायला घेतल्या.

रस्त्याच्या एका बाजूला ओकचं जंगल. आपल्या मनात जंगल म्हणजे उंच असतं, हे बुटकं, वाकडं आणि नखशिखांत शेवाळलेलं. दगडाला शेवाळं, खोडाला शेवाळं, शेवाळ्यावर नेचे. जंगल संपलं की एकदम उघडे डोंगर आणि समुद्र. टोकाला दीपगृह आहे आणि त्याच्या उत्तरेला पांढऱ्या वाळूचा किनारा. पाणी असं निळं-हिरवं की काकांनी बूट काढले, पँट दुमडली, धावत गेले आणि तितक्याच वेगाने परत आले. “यापेक्षा आपला गारठलेला लेक सुपीरिअर बरा,” एवढंच बोलले. ईशा मात्र रोज पोहली. क्षितिजावर तीन बेटं, ढग सरकला की दिसणारी, पुन्हा पुसणारी. वारा पडला की चिलटं येतात, डोळ्यांना दिसतील न दिसतील अशी, आणि केसांत शिरून चावतात. काकूंनी सगळ्यांच्या मानेला खोबरेल चोपडलं. उपयोग झाला नाही, पण आम्ही चौघं चार दिवस खोबरेलाच्या जाहिरातीसारखे दिसत होतो.

राहायचं घर मोराग नावाच्या बाईंचं होतं. गावाचं नाव लिहीत नाही, त्यांना कुणी शोधत जाऊ नये म्हणून. मोराग साठीच्या पुढच्या, उंच, कमी बोलणाऱ्या. पिढ्यान्‌पिढ्या कुळाने कसलेली छोटी जमीन, चाळीसेक मेंढ्या, आणि आवारातली एक कॉटेज उन्हाळ्यात पाहुण्यांना. कॉटेजच्या फ्रिजवर त्यांनी एक छापील कागद लावला होता. त्यावर काय होतं ते मी सांगू शकत नाही, कारण तेव्हा मी तो वाचला नाही. कागद वाचून वाढलेली मी. वायफायचा पासवर्ड तेवढा घेतला.

लोकर काढायचा दिवस

दुसऱ्या दिवशी डोंगरावरच्या मेंढ्या खाली आणून लोकर कापायची होती. तिकडे त्यासाठी शेजारीपाजारी येतात, आज याच्याकडे, उद्या त्याच्याकडे. मोराग म्हणाल्या, बघायचं तर या, पण मग कामही करा.

डोंगराला कुंपण नाही. तरी त्यांच्या मेंढ्या शेजारच्या कुरणात जात नाहीत. का, तर आयांनी शिकवलेलं असतं. कोकरू पहिल्या उन्हाळ्यात आईमागे फिरतं आणि आपली हद्द, आडोशाची जागा, वाऱ्याच्या दिवशी कुठे बसायचं, सगळं शिकतं. मोठं झाल्यावर ते आपल्या कोकराला शिकवतं. बाहेरून विकत आणलेली मेंढी हे शिकलेली नसते, ती भरकटते. मोरागच्या कळपात हे सगळ्यांत जास्त जाणणारी एक होती, काळ्या तोंडाची, एक शिंग मोडलेली. तिला त्या त्यांच्या गेलिक भाषेत ‘म्हातारी’ म्हणत. म्हातारी पुढे निघाली की बाकीच्या मागे.

आता म्हातारीला डोंगर झेपत नव्हता म्हणून ती घराजवळच असे. आणि पहिल्याच सकाळी कॉटेजच्या दारात येऊन तिने काकूंकडे असं पाहिलं की काकूंच्या हातातली अर्धी पोळी तिच्या तोंडात गेली. मोरागनी ते पाहिलं. ईशाने नंतर मला सांगितलं की मोराग काकूंना म्हणाल्या, स्वयंपाकघरातलं काही जनावराला घालायचं नाही असा इथे कायदा आहे, रोगराईमुळे. मग काकूंचं तोंड उतरलेलं बघून पुढे म्हणाल्या, “पण इतक्याशा तुकड्याकडे माझं लक्ष नव्हतं असं समजा.” मी तेव्हा झोपले होते.

लोकर कापणारा मेंढीला बसवतो, म्हणजे खरोखर ढुंगणावर बसवतो, आणि मशीन फिरवतो. संत्र्याची साल एका तुकड्यात निघावी तशी लोकर निघते. ती पसरून, कडा आत दुमडून, घट्ट गुंडाळायची. काकू दोन मेंढ्या होईपर्यंत बघत राहिल्या आणि तिसरीला पदर खोचावा तसं जॅकेट खोचून पुढे झाल्या. दुपारपर्यंत त्या सगळ्यांच्या पुढे होत्या. हात लोकरीच्या तेलाने चकाकत होते. मोराग म्हणाल्या, “हिला ठेवून घेते, तुम्ही जा.”

“तिकीट परत करू का?” काका म्हणाले.

नोव्हायमध्ये तीस जणांचा स्वयंपाक करतानाही काकूंना असं कुणी म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. जेवायला ओटच्या कडक चकत्या आणि चक्क्यासारखं ताजं चीज होतं. काकूंनी चकती मोडून वास घेतला आणि सांगितलं, “बिनपाण्याची भाकरीच ही.” मी फाटक उघडायला आणि लावायला होते. तेवढंच मला जमण्यासारखं होतं.

भिंती

तिसऱ्या दिवशी मोरागनी आम्हाला डोंगरापलीकडचं ओसाड गाव दाखवलं. आधी काहीच दिसेना. मग त्यांनी एका झुडपाच्या पानांकडे बोट केलं. खाजकुयलीसारखी चावरी पानं. ती माणूस राहिलेल्या जागीच माजतात, म्हणाल्या. पानांमागे गुडघाभर भिंती, कोपरे गोल, मध्ये चुलीचा दगड. उतारावर बटाट्याच्या वाफ्यांच्या लाटा अजून गवताखाली दिसतात. दोनशे वर्षांपूर्वी जमीनदाराने ही माणसं काढून दिली, कारण कुळांपेक्षा मेंढ्यांत जास्त सुटत होतं. कुणी किनाऱ्यावरच्या खडकाळ पट्टीत सरकलं, कुणी जहाजाने अमेरिकेला गेलं.

हे माझं क्षेत्र होतं. मी त्या चुलीच्या दगडापाशी उभी राहून बोलायला लागले. धरणात गेलेली गावं, नोटिसा, पुनर्वसनाची पाटी लावलेले माळ. मेंढी हे इथलं हत्यार होतं, म्हणाले. त्या मेंढ्या बघून तुम्हाला राग कसा येत नाही, असंही मोरागना विचारलं.

“नोटीस मेंढीने लिहिली नव्हती,” त्या म्हणाल्या.

मग थोडं चालल्यावर विचारलं, “तू राहतेस तिथे, मिशिगनमध्ये, आधी कोण राहत होतं?”

मी काहीतरी बोलले. आमच्या सबडिव्हिजनच्या फाटकावर एका जमातीचं नाव आहे, खाली ‘लक्झरी टाउनहोम्स’ असं. एवढंच मला ठाऊक होतं.

परतताना काका कुजबुजले, “आज तुझ्या पत्रकाचा बार तुझ्यावरच उलटला.” मला राग आला. तो राग पुढचे दोन दिवस माझ्याबरोबर होता. मी कुठेतरी बरोबर ठरायला हवी होते.

शेवटची संध्याकाळ

शुक्रवारी संध्याकाळी, लख्ख उन्हात, मी स्वयंपाकघर आवरायला घेतलं. बाकीचे किनाऱ्यावर गेले होते. नोव्हायहून आणलेल्या पोळीच्या पिठाची पिशवी निम्मी उरली होती, तीनेक किलो कणीक, आणि पातेलंभर भात. एरवी कुणीही ते मोरागला विचारलं असतं किंवा काळ्या पिशवीत टाकलं असतं. पण मी अन्न टाकत नाही. बाहेर फाटकाशी मेंढ्यांची दगडी गव्हाण होती, रिकामी. ती हिवाळ्यापुरती असते, उन्हाळ्यात गवत असतं म्हणून रिकामी असते, हे मला माहीत नव्हतं. ईशाने सांगितलेला कायदा तेव्हा आठवलाही नाही, मला ती रिकामी गव्हाण दिसली आणि उपाशी जनावर दिसलं. मी भात ओतला, वर सगळी कणीक ओतली. म्हातारी लगेच आली. तिच्या काळ्या तोंडाला पांढरं पीठ लागलेलं बघून मला हसू आलं आणि वाटलं, हा खरा घास, पोथीतला नव्हे.

सकाळी म्हातारी फाटकाशी आडवी पडली होती. पोट डाव्या अंगाने फुगलेलं, दात करकरा वाजत होते. तोंडापाशी गवतावर काकूंची अर्धी पोळी, निरोपाची म्हणून ठेवलेली, कोपरा ओला झालेली. रात्री पावसाची सर येऊन गेली होती आणि गव्हाण धुऊन निघाली होती.

मोराग गुडघ्यांवर बसल्या होत्या. त्यांनी वर पाहून विचारलं, “हिने काय खाल्लंय?”

काकूंनी हात वर केला, वर्गात करतात तसा. “मी दिली पोळी. रोज देत होते. सॉरी. आय ॲम व्हेरी सॉरी.”

“एवढीच? आणखी काही?” मोरागनी विचारलं, आणि आमच्या चौघांकडे एकेकाकडे पाहिलं. “पोट भरून धान्य गेल्याशिवाय असं होत नाही. डॉक्टर फेरीपलीकडून येणार. त्याला नक्की सांगावं लागेल.”

त्या नजरेसमोर माझ्या डोक्यात जे आलं ते जसंच्या तसं लिहिते. कायदा, असं ईशा म्हणाली होती. नोंद होईल. डेट्रॉइटला इमिग्रेशनवाला विचारेल. काकू सिटिझन आहेत, त्यांना काही होणार नाही. याच क्रमाने आलं. मेंढीचा विचार त्या यादीत नव्हता.

“दहाची फेरी गाठायला हवी,” मी म्हणाले.

वाटेत फुगवट्याफुगवट्याला काका हात दाखवत नव्हते. काकू मागे माझ्या शेजारी बसल्या होत्या आणि त्यांनी हात मांडीवर उलटे ठेवले होते, काही सांडलं असावं तसे.

नोव्हाय

आठवड्याने ईशाला मोरागची मेल आली. तिने डायनिंग टेबलपाशी वाचून दाखवली. म्हातारी त्याच दुपारी गेली. पोटात पीठ निघालं. तुम्ही सांगितलंत त्याबद्दल आभार.

“पीठ म्हणजे पोळीचंच,” काका म्हणाले. “पाच दिवसांचं साचलं असणार.”

दुसऱ्या दिवसापासून खिडकीशी वाटी दिसेना.

मंडळाच्या गणपतीच्या पॉटलकला, जिथे प्रत्येक जण एकेक पदार्थ आणतो, काकांनी ही गोष्ट सांगितली. काका वाईट नाहीत, त्यांना गोष्ट सांगायला आवडते. कुणी म्हणालं, वहिनी, तुमच्या पोळ्या अशा आहेत होय. कुणी काकूंच्या हातच्या पुरणपोळीपुढे हात जोडून ‘मला जगायचंय’ म्हणालं. सगळे हसले. मीही हसले. नंतर माझ्या वयाच्या एकाने मला बाजूला घेऊन म्हटलं, “यार, तू लिही ना यावर. अंधश्रद्धा एक्सपोर्ट होते ती अशी.” मी म्हणाले, बघते.

त्या दिवशी घरी जाऊन मी लॅपटॉप उघडला. खरंच लिहायला घेतलं होतं, गोग्रासावर. चार ओळी झाल्या होत्या आणि त्या चांगल्या होत्या.

शनिवारी मी काकूंकडे गेले आणि सांगितलं. भात, कणीक, गव्हाण, व्हिसा. काकू भाजी निवडत होत्या. ऐकताना हात थांबले नाहीत. मला वाटलं होतं, त्या म्हणतील, जाऊ दे गं, पोर आहेस.

“दोन महिने,” त्या म्हणाल्या. “दोन महिने मी पोळी लाटताना त्या मेंढीचे दात ऐकतेय. आणि तू रविवारी इथे येऊन वरणभात जेवून जात होतीस.”

“काकू, मला भीती वाटली.”

“भीती सगळ्यांना वाटते. मला नव्हती वाटत? तरी हात वर केला ना मी?” मग गवारीच्या शिरा गोळा करत म्हणाल्या, “मला सांगून काय होणार. तुला लिहिता येतं ना? जिथे हसले तिथे सांग. आणि त्या बाईला आधी लिही.”

मी त्याच दिवशी मोरागला लिहिलं. नोंद करायची असेल तर माझं नाव द्या, असंही लिहिलं. उत्तर तीन ओळींचं आलं. कळवलंत ते बरं केलंत, उशिरा का होईना. म्हातारीची मुलगी आता पुढे चालते, अजून चुकते. काकूंना सांगा, अर्ध्या पोळीने कोकरूसुद्धा आजारी पडत नाही.

मी ते छापून काकूंना नेऊन दिलं. त्यांनी ते चष्मा लावून वाचलं, फ्रिजवर चुंबकाखाली लावलं आणि मला चहा विचारला नाही. वाटी अजून खिडकीशी आलेली नाही.

तर हे वाचणाऱ्या प्रत्येकाकडे एक मागणी आहे. मेंढीची आणि पोळीची ही गोष्ट तुम्ही त्या पॉटलकला ऐकली असेल, किंवा पुढे दुसऱ्या शहरात, फ्रिस्कोला, शुगर लँडला फोनवर कुणाला हसत सांगितली असेल, तर त्या माणसाला आज पुन्हा फोन करा. सांगा की पीठ रेखाकाकूंनी घातलं नव्हतं, मी घातलं होतं. आणि पुढच्या पॉटलकला काकू पुरणपोळी घेऊन उभ्या असतील, तेव्हा विनोद न करता दोन वाढून घ्या.